वरच्या बंगल्याची बाय

"पाय दाव."

डोंगराच्या पायथ्याशी आंब्याखालच्या दगडावर ती बसलेली असे आणि येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या दोन शब्दांनी करी. वकील असो, मास्तर असो, कचेरीतला हेडक्लार्क असो, वहाण काढून पाऊल तिच्या पुढे करावंच लागे. ती टाच चाचपून पाही, तळवा अंगठ्याने दाबी, नखं बघे. कोणाच्या बुटाची शिवण उसवलेली दिसली तर कनवटीची सुतळी काढून तिथल्या तिथे आवळून देई. टाचेला भेग असली तर म्हणे, "तू माझ्या मागंच ऱ्हा." आणि गुबगुबीत, गोरा, कधी चिखलात न गेलेला पाय पुढे आला की त्याच्या मालकाकडे वर बघून हसे. "ह्यो पाय गादीवरचा हाय. बघू कुठवर जातो."

तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना ही अरेतुरे करी? करी. तिच्या बोलीत 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. देवालाही 'तू' आणि मामलेदारालाही 'तू'. पहिल्या वर्षी आमच्यातले दोघेतिघे त्यावरून फुरंगटून बसले होते. पहिली चढण संपेपर्यंत त्यांचा राग घामाबरोबर वाहून गेला.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची ही सात-आठ वर्षं. मी तेव्हा अलिबागेत शिक्षक होतो. दर थंडीत आम्ही बारा-पंधराजण शनिवारी पहाटे खटाऱ्यात बसून पायथ्याच्या वाडीपर्यंत जायचो आणि तिथून पायी डोंगरावरच्या बंगल्याकडे. कोणा हौशी शेटजींनी उन्हाळ्यासाठी बांधलेला तो दगडी बंगला पुढे सरकारकडे आला होता. तिथे एक म्हातारा चौकीदार, दोन खोल्या, एक लांबलचक पडवी आणि थंडगार पाण्याचं टाकं. गाडीवाट नाही, वस्ती नाही. वाट जंगलातून, आणि ती सांगणारी माणसं मोजकी. पाय बघणाऱ्या या बाईचा नवरा पूर्वी साहेबलोकांचं सामान वर न्यायचा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता वाटाड्या कोण? पुढच्याच महिन्यात वर जाणारी मंडळी आली, तर आंब्याखालच्या दगडावर ही बसलेली. तिला कोणी नेमलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

नाव होतं तिला, पण आम्ही सगळे 'बाय' म्हणायचो. अंगाने काटकुळी, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत कासोटा, खांद्यावर काळी घोंगडी. चालताना बोलायची ती वाटेबद्दलच. "हितं शेवाळ हाय." "ही फांदी धरू नगं, कुजलीय." डोंगरमाथ्यावरून दिसणारा सूर्यास्त, दूरवरची गलबतं यांचं आम्हाला कौतुक. ती तेव्हा आमच्याकडे पाठ करून उतरणीकडे बघत बसलेली असे.

वाटेवर एक जागा होती. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधून दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची पोळी लोंबत, सुपाएवढाली, काळीभोर. तिथे पोचायच्या आधी ती सगळ्यांना थांबवी. "आता तोंड मिटा. इडी न्हाय, काडी न्हाय, वास न्हाय. तो कडा संपला की मग गानी म्हना." आम्ही शाळेतली पोरं वर्गात शिरावी तसे एका रांगेत, पाय न वाजवता ती जागा ओलांडायचो. चार वर्षांत एकही माशी कोणाला चावली नव्हती. म्हणूनच असेल, पाचव्या वर्षी आम्हाला तो नियम थोडा गमतीचा वाटू लागला होता.

त्या वर्षी आमच्याबरोबर एक रावसाहेब आले. निवृत्त अधिकारी, चांदीच्या मुठीची काठी, पायात पंपशू. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर हुकूम सोडलेला. सोवळंही कडक. प्रवासात स्वतःच्या तांब्यातलंच पाणी प्यायचे, आणि तो तांब्या दुसऱ्याने धरलेला चालत नसे. "पाय दाव" ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी नोकरी त्यांच्या हाती नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. पाय त्यांनी दाखवला नाहीच. बायने नाक वर करून हुंगलं.

"तू अत्तर लावलंस. धू."

"काय?"

"मानेचं अत्तर धू. माश्यांना चालत न्हाय."

बाकीची मंडळी टोप्या तोंडावर धरून हसत होती. रावसाहेबांनी मान धुतली, पण तो अपमान त्यांच्या मनात राहिला.

कड्याखाली आम्ही रांगेने शिरलो. बाय पुढे, तिच्यामागे मी, रावसाहेब सर्वांत शेवटी. आमच्यातले बहुतेकजण पलीकडच्या कारवीच्या रानापर्यंत पोचले होते. रावसाहेब दमले असतील, किंवा आपल्याला कोणी हुकूम करू नये एवढंच त्यांना दाखवायचं असेल. ते बरोबर कड्याखालच्या एका दगडावर टेकले आणि त्यांनी चिरूट पेटवला.

मला आधी काहीच कळलं नाही. बाय मात्र चालता चालता थबकली. मग मला वरून घुमल्यासारखा आवाज ऐकू आला, दूर कुठेतरी गिरणी सुरू व्हावी तसा.

"पळा! कारवीत घुसा, खाली पडा, हलू नगा!"

एवढं ओरडून ती उलटी धावली. आम्ही सगळे पुढे पळत होतो आणि ती एकटी मागे. मी कारवीत आडवा पडलो आणि फटीतून पाहिलं. कड्यावरून काळा धूर सुटावा तशा माश्या खाली येत होत्या. रावसाहेब उभे राहून काठी फिरवत होते. बायने त्यांची काठी हिसकून दरीत फेकली, अंगावरची घोंगडी त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत टाकली आणि त्यांना कमरेला धरून ओढायला सुरुवात केली. घोंगडी एकच होती. तिचं डोकं, तोंड, हात, पाय सगळं उघडं.

ते दोनशे पावलांचं अंतर असेल. एक काळी घोंगडी, तिच्याखाली धडपडणारे दोन पंपशू, आणि तिला कवटाळून चालणारी बाय. ती धावत नव्हती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "धावले असते तर त्यो पडला असता. दरी व्हती ना."

कारवीत येऊन ती त्यांच्यावरच पडली आणि तशीच निपचित राहिली. बऱ्याच वेळाने गुणगुण ओसरली. मग तिने डोकं वर केलं आणि विचारलं, "समदी हायत का?"

बंगल्यावर पोचेपर्यंत तिचं तोंड ओळखू येईना. तरी ती स्वतःच्या पायांनी चढली. पडवीत तिला बसवलं. चौकीदाराने चुना आणला, पण आधी नांग्या काढायला हव्या होत्या. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे. खरं सांगतो, मला धीर होत नव्हता. तेवढ्यात रावसाहेब पुढे आले. त्यांना दोनच डंख होते, एक कानाला आणि एक मनगटाला. त्यांनी सोनेरी काड्यांचा चष्मा चढवला, बायच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि तिचा चेहरा हातात धरून नखांनी एकेक नांगी काढायला लागले. मग स्वतःचा तांब्या तिच्या तोंडाला लावला. पाणी पाजून ते पुन्हा नांग्यांकडे वळले. ती म्हणाली, "हात हलका ठेव. मोडली तर आतच ऱ्हाईल."

थोड्या वेळाने रावसाहेब म्हणाले, "बाय, माझी चूक झाली."

"व्हय, तुझीच झाली," ती म्हणाली. "आता बोलू नगं, नीट बघ. भुवईत एक हाय."

रविवारी सकाळी तिचे दोन्ही डोळे पूर्ण मिटलेले होते. तापही होता. आमच्याजवळचा शिधा एका वेळेपुरता उरला होता, आणि चवताळलेल्या माश्यांच्या कड्याखालून परतणं शक्य नव्हतं. दुसरी वाट होती, डोंगराच्या पाठीवरून फिरून जाणारी. ती आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. चौकीदाराचे गुडघे गेलेले. काय करावं याची आमची कुजबुज चालली होती, ती तिने ऐकली असावी.

"मास्तर, हिकडं ये. म्होरं ऱ्हा."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बघ. मी सांगते."

तसे आम्ही निघालो. मी पुढे, माझ्या खांद्याला धरून बाय, मागे बाकीची मंडळी. ती मिटल्या डोळ्यांनी वाट सांगत होती. "आता ऐनाचं झाड येईल, बुंध्याला भोक हाय." येई. "त्याच्या खालच्या अंगानं. दगडांची उतरंड. उजवा पाय आधी टाक." मी टाकी. तासभर असा गेल्यावर माझी भीती कमी झाली, आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही, थोडी ऐट आली. एका जागी वाट दोन्हीकडे फुटली. मी तिला न विचारताच रुंद वाट धरली.

वीस पावलांवर खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"थांब. ही न्हाय."

"बाय, हीच रुळलेली दिसते."

"गुरांनी रुळवली असंल. वारा डाव्या गालावर पायजे. हितं पाठीवर लागतोय." मग तिने विचारलं, "म्होरं काय दिसतंय?"

मी दहा पावलं पुढे जाऊन झुडूप बाजूला केलं. पुढे काहीच नव्हतं. वाट संपून सरळ खाली भाताच्या खाचरांचे चौकोन दिसत होते, पत्त्यांएवढे. परत येऊन मी तिला सांगितलं, "कडा आहे." ती रागावली नाही. म्हणाली, "आता इचारत जा." तिथून पायथ्यापर्यंत मी एकही पाऊल तिला विचारल्याशिवाय टाकलं नाही.

दुपार कलताना आम्ही वाडीत उतरलो. ती आंब्याखालच्या दगडावर बसली. डोळ्यांनी बघता येत नव्हतं, म्हणून म्हणाली, "एकेकानं नाव सांगा." आम्ही सांगितली. रावसाहेबांनी आपलं आईबापांनी ठेवलेलं साधं नाव सांगितलं, पदवी वगळून. सगळी नावं ऐकून झाल्यावर तिने मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकावं तशी आंब्याच्या खोडाला टेकली.

वाडीतली माणसं जमली. कोणी विचारलं, डोळे मिटलेले असताना आणलंस कसं सगळ्यांना?

"मी कुठं आनलं?" ती म्हणाली. "माझ्या मास्तरानं उतरवलं समद्यांना."

मला पुढे आयुष्यात मानपत्रं मिळाली, दोन शाली मिळाल्या, एकदा तर हत्तीवरून नाही पण बैलगाडीतून मिरवणूकही निघाली. त्या सगळ्यांत मिळून त्या एका वाक्याएवढी छाती कधी फुगली नाही. ते खरं नव्हतं हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी चुकून धरलेल्या त्या कड्याच्या वाटेची गोष्ट तिने वाडीत कधी सांगितली नाही, ती मीच सांगितली.

तिचे डोळे आठवडाभराने उघडले. पुढच्या वर्षी रावसाहेब पुन्हा आले. पंपशूऐवजी पायात जाड वहाणा होत्या, आणि बायने तोंड उघडायच्या आत त्यांनी पाऊल पुढे केलं. तिने टाच चाचपली. "बरा झालाय," एवढंच म्हणाली.

आणखी दोन वर्षं आम्ही तिच्याबरोबर गेलो. मग एका श्रावणात ती तापाने गेली. नदीनाल्यांना पूर होते, वाडीची वाट बंद होती. निरोप माझ्यापर्यंत आला तेव्हा दसरा उलटून गेला होता. शेवटचं डोळ्यांसमोर आहे ते त्याआधीच्या माघातलं.

माझ्या मुलीचं बारसं होतं. आम्ही तेव्हा नागावला सासऱ्यांच्या नारळाच्या वाडीत राहत होतो. मी बोलावणं पाठवलं होतं, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, सबंध वाट चालत, फडक्यात करांद्याच्या रानकंदांचं गाठोडं घेऊन. माझ्या बायकोने तिला पाटावर बसवून जेवू घातलं. मुलीला मांडीवर घेऊन तिने आधी तिची पावलं पाहिली, मग पापा घेतला. जेवण झाल्यावर मी तिला समुद्र दाखवायला नेलं. त्याच्याकडे तिने फारसं लक्ष दिलं नाही. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, पायाखालची वाळू सरकली तशी "अगं बाय" म्हणून हसली, आणि वळून जमिनीकडे तोंड करून उभी राहिली. नारळांच्या शेंड्यांमागे, दूर, निळसर डोंगर दिसत होता. इथून तो तिने कधीच पाहिला नव्हता.

शेजारी एक कोळीण मासळीची पाटी घेऊन चालली होती. बायने तिला थांबवलं आणि बोट दाखवलं.

"त्यो बघ. त्यो माझा डोंगर."

कोळणीने पाटी सावरली. "तुझा? इकत घेतलास काय गो?"

"न्हाय," बाय म्हणाली. कंबरेवर हात ठेवून ती ताठ उभी होती, लाटा तिच्या पायांभोवती येत-जात होत्या. "मी मानसं न्हेते वर. आनि समदी परत आनते."