पाळण्यातले आजोबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या साड्यांसारखे ते कपाटात साठत जातात. दरवेळी म्हणावं, आता एकेक काढून टाकू, आणि काढायला घेतलं की हात लावून, हसून पुन्हा घडी घालून आत!

माझ्याकडचे बहुतेक किस्से बारशांचे. सत्तर-ऐंशीच्या त्या दिवसांत लखनौमध्ये मराठी घरं मोजकी. कुणी बँकेत, कुणी सरकारी ऑफिसात, कुणी एअरफोर्समध्ये. बाळं इथे जन्मायची आणि त्यांच्या सख्ख्या आत्या सांगलीला, अमरावतीला! मग बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? मी हजरतगंजच्या बँकेत नोकरीला, बिनलग्नाची, आवाज खणखणीत. सगळ्यांनी मिळून मला आत्या करून टाकलं. 'कुर्र' करायचं, पाठीत बायकांचे धपाटे खायचे आणि साडी घेऊन घरी यायचं. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगते.

पण एक दुखणं घरोघरी सारखं. गाव सुटलेल्या माणसाला आजोबांचं नाव फार प्रिय. ते नातवाला द्यायचं ठरलेलं असायचं, आणि व्हायची मुलगी! मग सगळे माझ्याकडे. "आत्या, काहीतरी मार्ग काढा!"

*

दामल्यांकडे आजोबा दत्तात्रेय. आता यातून मुलीचं नाव काढा! दत्तश्री, दत्तिका, दत्तप्रिया, सगळं झालं. घरात दोन तट पडले. शेवटी आजोबांनाच मिरजेहून बोलावून घेतलं. प्रवासाचे कपडेसुद्धा न बदलता ते पाळण्याशी गेले, नातीकडे निरखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, माझं नाक घेऊन आलीय बिचारी. वर नावही देता?"

मुलीचं नाव रश्मी ठेवलं.

*

मेश्रामसाहेब नागपूरचे, इथे अकाउंट्स ऑफिसात. त्यांच्याकडे त्रिशरण-पंचशील झालं आणि मग नाव. वडील आनंदराव, म्हणून मुलगी आनंदी. इथे वाद नाही की खलबतं नाहीत. मला कानात नाव सांगायला मात्र आवर्जून बोलावलं होतं.

शेजारच्या मिश्राइन लाडू खाता खाता म्हणाल्या, "अच्छा, दादाजी का नाम लड़की को दे दिया? थोड़ा इंतज़ार कर लेतीं।"

मेश्रामवहिनींनी त्यांच्या ताटात अजून एक लाडू वाढला. "इंतज़ार ही तो किया था, बहन जी। इसी का।"

*

जूनमध्ये आमची सगळ्यांची मलिहाबादला सहल असायची, दशहरी आंबे खायला. बागेचे मालक खानसाहेब आमच्या बँकेचे खातेदार. झाडाखाली बाजांवर बसून आमचा नेहमीचा वाद पेटला, मुलीला पुरुषाचं नाव शोभतं का? खानसाहेब बादलीतल्या पाण्यात आंबे सोडत होते. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं.

"वह सामने वाला दरख़्त देख रहे हैं? हमारे दादा मरहूम के नाम का है। बरसों से फल दे रहा है। आज तक किसी ने नहीं पूछा कि पेड़ लड़का है या लड़की!"

वाद तिथेच थांबला. अर्थात सगळ्यांच्या तोंडात आंबे होते.

*

नाव ठेवून प्रश्न मिटतो असंही नाही. सुधा पाटणकरच्या मुलीचं नाव सासऱ्यांवरून यशवंती ठेवलं. हौसेनं ठेवलं, पण सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही ना! मग सुधा लेकीला 'मामंजी' म्हणायला लागली. आधी गमतीनं, मग तेच जिभेवर बसलं.

दिवाळीच्या खरेदीत, हजरतगंजच्या गर्दीत पोरगी हरवली. "मामंजी! ओ मामंजी!" करत सुधा रस्ताभर ओरडत सुटली, मी तिच्या मागे. हवालदार धावत आला.

"किसे ढूँढ रही हैं?"

"ससुर जी को!" घाबरलेल्या माणसाला कसलं भान?

"पहने क्या हैं?"

"लाल फ्रॉक!"

"और बाल?"

"दो चोटी!"

लखनौचा हवालदार तो! हसला नाही. अदबीनं म्हणाला, "घबराइए मत। शौक़ीन आदमी हैं, दूर नहीं गए होंगे।"

कुल्फीवाल्यासमोर सापडली.

*

आणि एक लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबचं बारसं. तिथल्या एअरफोर्स क्वार्टरमध्ये सार्जंट जाधव राहायचे. दोन मुलींच्या पाठीवर तिसरी मुलगीच झाली. जाधवांचे वडील हिंमतराव आदल्या वर्षी गेले होते. शेवटच्या आजारपणात ते इथेच होते, आणि त्यांचं सगळं सुनेनं, मंगलनं केलं होतं. जाताना तिलाच म्हणाले होते, "माझं नाव घरात राहू दे."

मंगलनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्या, हिचं नाव हिंमत. आता चौथं मूल नाही. बाबांचं नाव राहिलं तर हिच्यातच राहील."

तिच्या सासूबाई कऱ्हाडहून आल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही लता म्हणा. पोरीला ह्यांचं नाव दिलं तर गावात हसं होईल. ते नाव माझ्या नातवाचं आहे."

"नातू कुठे आहे?"

"येईल की!"

आली का पंचाईत! नाव निघणार माझ्या तोंडून. पण मी मागे हटणारी नव्हते. जिनं सासऱ्यांची सेवा केली आणि पोर जन्माला घातली, तिचाच शब्द खरा, असं मी मनाशी पक्कं केलं. सासूबाईंना काय वाटायचं ते वाटो.

विधवा म्हणून सासूबाई आपण होऊनच पाळण्यापासून लांब, दाराशी बसल्या होत्या. मंगल माझ्या तोंडाकडे बघत होती, सासूबाईही बघत होत्या. मी पाळण्यावर वाकले.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"सरका," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचं नाव दुसऱ्या कुणी सांगायचं नाही."

उखाण्याखेरीज ज्या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं, ती नातीच्या कानाशी वाकली. काय बोलली, किती बोलली, कुणाला ऐकू आलं नाही. धपाटे घालायचं कुणाला सुचलंच नाही. मला तर रडूच फुटलं.

पोर जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि हलकेच म्हणाल्या,

"अहो, असं रडतात का? चारचौघांत बरं दिसतं का ते?"

मंगलनं पटकन डोक्यावरून पदर घेतला.