उलटं फाटक

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा सांगणाऱ्या तिच्या जावेचा आवाज रडका नव्हता, भारावलेला होता. "आरती चालू असतानाच वो... देवीनं नेलं तिले." मला तिथंच शिसारी आली. अजून येते.

कुंदा माझी आतेबहीण. रिसोडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, राहायची सासरच्या भाजीच्या मळ्यात. मळ्याचं फाटक जरा तिरपं बसलेलं. ओढून कडी लावली तरच बंद, सोडलं की हळूहळू आपोआप उघडायचं. सासरे दुरुस्तीला निघाले की ही आडवी यायची, कारण कॉलेजातल्या मुलांना मळ्यात आणून ती हृदय त्या फाटकावरच शिकवायची. "हृदयातल्या काही पेशीइले ठोक्यासाठी कोणाचा हुकूम लागत नाही. त्याइच्या पडद्यात बारीक दारं असतात. बाकी बरीच दारं विजेचा भार चढला की उघडतात, हे दार उलटं. ठोका झाला, भार उतरला, की हे उघडते. मंग सोडियम आत झिरपते, भार सावकाश चढते, अन् पुढचा ठोका पडते." मेंदूच्या पेशींतही अशीच दारं असतात, झोपेतली लय सांभाळायला तीही लागतात, असं सांगताना ती फाटक सोडून द्यायची आणि ते उघडेपर्यंत सगळा वर्ग त्याकडंच बघत राहायचा.

तिचीच दारं बिघडली. नाडी मंदावायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. पहिल्यांदा पडली ती नेमकी नवरात्रात, आरतीला. झालं! अंगात आलं म्हणून कपाळभर कुंकू फासलं, बाया पाया पडल्या, आणि एक बाप्या विचारतो, "माय, औंदा सोयाबीनले भाव भेटन का?" कुंदानं डोळे उघडले, कुंकू पुसलं. "देवी नाही वो, माह्या काळजाचं फाटक अडकून राह्यलं." तर लोक हात जोडून म्हणाले, देवी कोड्यात बोलते!

डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितला. आज-उद्या करत तारीख पुढच्या नवरात्रात आली. सासू म्हणाली, "देवीच्या अंगात मशीन कायले? सण होऊ दे." शिकलासवरला नवरा मान डोलवत बसला. थू! आणि कुंदाही म्हणाली, जाऊ दे, घरात तमाशा नको. तिचाही राग येतो मला... अष्टमीच्या आरतीला ती पडली. लोकांनी डफडं जोरात वाजवलं आणि देवी काय बोलते म्हणून वाट पाहत बसले. नाडीला कोणी हात लावला नाही.

परवा मळ्यात गेले. देवीनं सांगितलेलं फाटक म्हणून त्याला नवसाचे लाल धागे, बांगड्या, खण. इतक्या गाठी, की ते खांबाला जखडून गेलेलं. किळस आली. वांग्यांच्या टोपलीतला विळा घेतला आणि कापत सुटले. सासू धावत आली. "काहून कापून राह्यली वो? देवीचं हाय ते!"

"कुंदाचं हाय," म्हटलं, आणि शेवटची गाठ कापून हात काढून घेतला. फाटक हळूहळू उघडलं.