गायधनींची पोकळ भिंत

दिवाकर गायधनी चौतीस वर्षं बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढत होते. त्यांच्या नकाशांवरून शाळा उभ्या राहिल्या, धान्याची गोदामं उभी राहिली, एक बऱ्यापैकी देखणं विश्रामगृहही झालं. यातल्या एकाही भिंतीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. नकाशावर सही झाली की त्यांचं काम संपायचं. पुढे विटा, सिमेंट, पाऊस आणि ठेकेदार यांनी आपापसात काय ते बघून घ्यावं, अशी त्यांची साधारण समजूत होती. त्यांचा नकाशा चुकल्याचं कचेरीत कधी सिद्ध झालं नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात हे दोघांनी भाषणात सांगितलं. घरी ते त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं.

निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये त्यांना बांधायला मिळालेली एकमेव भिंत म्हणजे हॉलमधलं पार्टिशन. त्यांच्या पत्नी श्यामलाताई आठवी-नववीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या घेत. हॉलच्या एका टोकाला शिकवणी आणि दुसऱ्या टोकाला दिवाकररावांच्या बातम्या, असं काही महिने चाललं. समीकरणाच्या मधोमध निवडणुकीचे निकाल ऐकू यायला लागले तेव्हा श्यामलाताईंनी मधे आडोसा हवा म्हणून सांगितलं. दिवाकररावांनी आनंदाने तीन दिवस खपून त्याचा नकाशा काढला: लाकडी चौकट, आत उभ्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी जिप्समचा बोर्ड.

काम करायला जयराम सुतार आले. नकाशा बघून ते म्हणाले की उभ्या पट्ट्या दीड-दीड फुटावर घेऊ, बोर्डाला धर येतो. दिवाकररावांनी चष्मा वर करून त्यांना समजावलं की या भिंतीवर छताचा भार नाही, मजल्याचा नाही, कसलाच नाही. नकाशात कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं: भार शून्य. तेव्हा पट्ट्या तीन फुटांवर पुरेत. जयरामनी अशी माणसं खूप बघितली होती. त्यांनी तीन फुटांवर पट्ट्या ठोकल्या आणि ते गेले.

चार वर्षांनी, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, बंगळुरूहून आल्हादने आईवडिलांना पंचावन्न इंची टीव्ही पाठवला. टीव्ही लावायला हॉलमध्ये जागा एकच होती. एका भिंतीत मोठी खिडकी, दुसरीत स्वयंपाकघराचं दार, तिसरीला पुस्तकांची कपाटं. उरलं पार्टिशन. म्हणजे टीव्हीपासून बचाव म्हणून जी भिंत उभारली, तिच्याच पाठीवर टीव्ही बसणार होता. श्यामलाताईंनी हे एकदा बोलून दाखवलं. दिवाकररावांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

टीव्ही बसवायला कंपनीकडून राकेश आला. सायखेड्याचा, पस्तिशीतला शांत माणूस. त्याने बॅग खाली ठेवली, बोटाच्या पेरांनी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत नेली, आणि मग परत त्याच वाटेने आला.

"काका, ही भिंत पोकळ हाय. मधी पट्टीच नाय. बोर्डावर एवढं वजन मी नाय टांगणार."

दिवाकररावांनी त्याला सांगितलं की ही भिंत त्यांनी स्वतः डिझाइन केली आहे. राकेशने मान डोलावली. त्याने टीव्हीच्या मागची लोखंडी चौकट भिंतीला लावून दाखवली. चौकट दीड फूट रुंद, पट्ट्या तीन फुटांवर. मधोमध लावली तर एकही पट्टी सापडत नव्हती, सरकवली तर एका बाजूला सापडायची आणि दुसरी बाजू हवेत. दिवाकररावांनी त्याचं शिक्षण विचारलं. राकेशने आयटीआय म्हणून सांगितलं, टीव्ही टेबलावर ठेवून जोडून दिला, श्यामलाताईंना आपला नंबर दिला आणि गेला. त्याच दुपारी दिवाकररावांनी कंपनीला ईमेल केला. त्यात 'तांत्रिक ज्ञानाचा अभाव' हे शब्द दोनदा होते.

मग ते स्वतः कामाला लागले. आधी पट्ट्या शोधणं आलं. नकाशा होता, पण तो कुठल्या टोकापासून मोजायचा हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक लोहचुंबक दोऱ्याला बांधला आणि पट्ट्यांवरचे स्क्रू शोधत तो भिंतीवरून फिरवू लागले. मधूनमधून ठोकून बघायचे, कान लावायचे, पेन्सिलीने खूण करायचे, पुसायचे. हे नऊ दिवस चाललं. पलीकडे शिकवणीतल्या मुलींना या ठकठकीची इतकी सवय झाली की ती थांबली तर त्या वर बघत. दहाव्या दिवशी त्यांनी ड्रिल चालवलं. पहिलंच भोक जरा खोल गेलं आणि ड्रिलचं टोक पलीकडे फळ्याच्या कडेला बाहेर आलं.

"मॅडम, भिंतीतून काहीतरी आलं," यशश्री नावाची मुलगी म्हणाली.

"येऊ दे. तू कर्णाकडे बघ," श्यामलाताई म्हणाल्या.

शेवटी टीव्ही बसला. उजवीकडचे स्क्रू लाकडात गेले होते. डावीकडे दिवाकररावांनी दुकानदाराकडून आणलेले, भोकात शिरल्यावर छत्रीसारखे उघडणारे प्लग होते. अर्थात टीव्ही भिंतीच्या मधोमध नव्हता, जरा उजवीकडे होता, म्हणून सोफाही उजवीकडे सरकवावा लागला आणि बाल्कनीत जायला अंग चोरावं लागे. दिवाकररावांनी फोटो काढून आल्हादला पाठवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते बातम्या बघत होते. निवेदक तिरका दिसतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. निवेदक आणखी तिरका झाला. मग डाव्या बाजूने पांढरी भुकटी झरू लागली, आणि दिवाकरराव एकोणसत्तराव्या वर्षी उडी मारून सोफ्यावरून उठले व टीव्हीचा डावा कोपरा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरला.

धरला, पण आता सोडता येत नव्हता. फोन सोफ्यावर होता आणि रिमोट त्याच्या शेजारी. त्यांनी हाक मारली, पण निवेदकाचा आवाज मोठा होता. तेव्हा त्यांनी गुडघ्याने भिंत ठोकली. पलीकडून श्यामलाताईंनी डस्टरने दोनदा ठोकून उत्तर दिलं: शिकवणी चालू आहे. त्यांनी पुन्हा ठोकली, यावेळी जोरात. पुन्हा डस्टर. नऊ-दहा दिवस माणूस भिंत ठोकत होता, आता कशासाठी ठोकतोय हे कुणाला कळणार?

पंचवीस मिनिटं ते तसे उभे होते. गाल काचेला टेकला होता आणि चार तज्ज्ञ त्यांच्या कानात देशाच्या भवितव्यावर भांडत होते. दंड भरून आले. आधी त्यांना दुकानदाराचा राग आला, मग प्लगांचा, मग राकेशचा, मग जयरामचा. जयरामपाशी मात्र राग अडकला. तो काय म्हणाला होता ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं, आणि आपण चष्मा वर करून जे बोललो तेही. पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की त्या शाळांमधून आणि गोदामांमधूनही कुणीतरी असंच काही सांगितलं असेल, आणि कचेरीपर्यंत ते कधी पोचलंच नसेल.

शिकवणी सुटली, श्यामलाताई बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मग त्यांनी यशश्रीला आणि आणखी दोघींना बोलावलं. चौघींनी मिळून टीव्ही उतरवून दिवाणावर आडवा ठेवला. मुली निमूट चपला घालून गेल्या, पण जिन्यात पोचल्यावर त्यांचं हसू वरपर्यंत ऐकू आलं.

दिवाकरराव सोफ्यावर बसले. एका हाताने दुसरा दंड चोळू लागले.

"तीन फूट मीच लिहिलं होतं," ते म्हणाले. "जयराम दीड म्हणाला होता."

"माहीत आहे मला. जाताना मला सांगून गेला तो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतं तर बोलले असते," श्यामलाताई म्हणाल्या आणि आयोडेक्स आणायला आत गेल्या.

चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला असं काय काय विचारलं नव्हतं, याचा हिशेब दिवाकररावांनी त्या संध्याकाळी सुरू केला आणि तो लांबत चाललाय हे बघून सोडून दिला.

राकेशचा नंबर श्यामलाताईंनी जपून ठेवला होता. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो येताना प्लायवूडची एक जाड, चार फुटी फळी घेऊन आला. ईमेलचं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. साहेबांनी त्याला बोलावून वाचून दाखवला होता. हे त्याने श्यामलाताईंना चहा घेताना सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. दिवाकरराव तिथेच होते. ते उठून बाल्कनीत गेले, परत आले आणि म्हणाले, "मी दुसरा ईमेल करतो."

"राहू द्या काका. हे धरा," राकेश म्हणाला आणि त्याने त्यांच्या हातात सपाटी बघायची, बुडबुड्याची लेव्हल दिली.

त्याने भिंत वाजवली आणि दोन्ही पट्ट्या मिनिटभरात सापडल्या. फळी त्या दोन्हींवरून आडवी टाकून त्याने लाकडात घट्ट आवळली, म्हणजे वजन बोर्डावर न येता पट्ट्यांवर गेलं. मग फळीवर टीव्ही, बरोबर मधोमध. बुडबुडा डावीकडे जातोय की उजवीकडे, एवढंच दिवाकरराव सांगत होते. ते काम त्यांनी फार मन लावून केलं. चार ते सात टीव्ही बंद, ही अट श्यामलाताईंनी ड्रिल चालू असतानाच घातली, आणि ड्रिलच्या आवाजात दिवाकररावांनी ती मान्य केली.

दुसरा ईमेल त्यांनी केलाच. तो पहिल्यापेक्षा लांब होता.

तेव्हापासून दिवाकरराव इमारतीत भिंतींचे जाणकार झाले. कुणाकडेही गेले की चहा येईपर्यंत पेरांनी भिंत वाजवून बघतात. त्या इमारतीत बाकी सगळ्या भिंती विटांच्या आहेत, त्यामुळे सांगण्यासारखं काही निघत नाही. पण दोन महिन्यांनी राकेशचाच फोन आला. नाशिक रोडला एका दातांच्या डॉक्टरकडे टीव्ही लावायचा होता आणि सगळा दवाखाना पार्टिशनचा. तिथला नकाशा होता, पण तो त्याला उलगडत नव्हता. काका येतील का?

काका डबा घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी नकाशा पुढे केला आणि त्या विचारू लागल्या की पट्ट्या नक्की कुठे आहेत. दिवाकररावांनी कागद उलटसुलट करून बघितला. काम सुबक होतं, रेषा सरळ होत्या, खाली सही होती.

"यावरून नाही सांगता येणार," ते म्हणाले. "राकेश, तू आधी वाजवून बघ."