सरांपुढे ठेवलेला स्टॅम्प पेपर

दोन हजार पाचच्या आसपास शहापुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, तीन बॅचेस आणि शिकवायला एकच सर. ते खर्डीकडच्या एका पाड्यावरचे. पाड्यांवरून येणाऱ्या मुलींना ते घरच्या बोलीत समजावत, म्हणून मुली टिकत. मुरबाडला नवा क्लास निघाला आणि त्याच्या मालकाने नेमकं हेच हेरलं. त्याने सरांना दोनदा जेवायला नेलं. मला ते रिक्षावाल्याकडून कळलं.

त्याच आठवड्यात पेपरात बातमी होती. चीनमध्ये इंटरनेटवर माहिती शोधून देण्याचा धंदा वाढवायला दोन अमेरिकन कंपन्यांना एकच साहेब हवा होता. एकीने त्याला उचललं, तर तो आधी जिच्याकडे होता ती दुसरी त्याने सही केलेला करार घेऊन कोर्टात गेली. नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धकाकडे जाणार नाही, असा करार. मला वाटलं, आपल्याकडे हे करायचं राहूनच गेलंय. वहीत लिहिलं: स्टॅम्प पेपर, मजकूर, दोन साक्षीदार. दुपारपर्यंत तिन्हींवर खूण झाली. मजकुरात शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके घातले.

सरांनी कागद उभ्यानेच वाचला.

"मॅडम, मी काय तो पेपरातला चायनावाला साहेब हाय?"

"सगळीकडे असंच असतं, सर. फॉर्मॅलिटी."

"त्याला बंगला देत असतील. मला तुमी अजून पंखा नाय दिला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मुरबाडवाल्याला मी नाय म्हणून सांगितलं. दोन्ही टायमाला. तुमाला सांगायची गरज नाय वाटली."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

मला माझा मुद्दा अगदी बिनतोड वाटला.

"आता हाय," म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवून गेले. सोमवारपासून ते मुरबाडला शिकवू लागले.

महिनाभर मीच शिकवलं, पुस्तकातून, नीट मुद्दे काढून. मुली मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी यायच्या नाहीत. खर्डीहून मुरबाड लांब. दोघी एसटीने जाऊ लागल्या, बाकीच्यांचं शिकणं सुटलं. पुढे क्लासही बंद केला.

शिकणं सुटलेल्या एकीची आई बाजारात भेटली. "सर गेलं कशाला, बाई? तुमी काढलं काय?"

"मुरबाडवाल्याने पळवलं," मी म्हटलं. नंतर सगळ्यांना हेच सांगत आले.