दसऱ्यापुरता बरा पाय

निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिरोडीहून आलेला भाऊचा शेजारी दारातूनच म्हणाला, "ताई, तुमच्या भावाले लकवा मारला." मी विचारलं, "आहे ना?" त्यानं मान खाली घातली. दसरा तोंडावर आला होता... आणि माझ्या मनात पहिल्यांदा आला तो भाऊचा पाय.

त्या पायानं आम्हा सगळ्यांना दमवलं. भाऊ तिथल्याच मँगनीजच्या खाणीत कामाला. छप्पन साली आईचा हात धरून नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला. तेव्हापासून दर दसऱ्याला तिरोडीची गाडी, तुमसरला बदल, मग नागपूर. आणि स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत पायीच. रिक्षाचं नाव काढलेलं खपायचं नाही. म्हणायचा, "ज्या पायानं मायसंग गेलतो, त्याच पायानं जाईन."

चाळिशी उलटली आणि उजव्या पायाचा अंगठा सुजला. लालभडक, चादर लागली तरी ओरडायचा. वहिनीनं हळद लावली, कुणी मोच म्हटलं, कुणी वात. शेवटी मी त्याला बालाघाटच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगठा पाहिला, मग दंडाला पट्टा गुंडाळून दोनदा मोजलं. ब्लडप्रेशर भलतंच चढलेलं. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिडही वाढलेलं. "ये दोनों अक्सर साथ चलते हैं," ते म्हणाले. प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली. तिनं प्रेशर उतरायचं खरं, पण युरिक अ‍ॅसिड वाढायचं आणि अंगठा पुन्हा ठणकायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाँव दुखे तो मेरे पास आना. गोली अपने मन से बंद मत करना."

पण प्रेशर कुठं दुखतं? दुखतो तो अंगठा. भाऊनं आपली तोड काढली: पाऊस ओसरला की गोळ्या बंद, म्हणजे दसऱ्याला पाय मोकळा, नागपूरहून आला की पुन्हा सुरू. मी भांडले, वहिनी रडली. "काहून भेव दाखवून राह्यली मले? डोकं तरी दुखून राह्यलं का माह्यं?" तो म्हणायचा. काही वर्षं खपून गेलं; यंदा नाही. सांगून सांगून जीव शिणला माझा. आता तर रागवायचंही त्राण नाही. रागवायला समोर माणूस लागतो.

अखेरची आंघोळ घातल्यावर वहिनी त्याचे पाय पुसता पुसता थांबली. ना सूज, ना लाली. "पाहा ना बाई," ती म्हणाली, "पाय कसा बरा झालता..."

परवा तिरोडीला गेले होते. दारामागे अंगठ्यापाशी पट्टा कापलेली त्याची रोजची चप्पल, आणि शेजारी नागपूरसाठी खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे जोडे. वहिनी झाडताना उचलते, पुन्हा तिथंच ठेवते. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाक.

"हौ, चप्पल देऊ," ती म्हणाली. "जोडे राहू दे. पुढच्या दसऱ्याले नेऊ आपण... पायीच."

माझे गुडघे धरलेत. तरी मी हौ म्हटलं.