साडूभाऊंची एकच खोली

एका जागी गुमान उभी असलेली वस्तू पाहून ज्याच्या पोटात दुखतं असा माणूस नागपूरपासून गोंदियापर्यंत एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या बहिणीला मिळाला. माणसाला शेजारी निवडता येत नाही, साडू तर नाहीच नाही. स्वातंत्र्य नवं होतं, आमचं गोंदियाचं कॉलेजही नवं होतं. मी तिथे इतिहास शिकवीत असे. पुण्याकडचे हे गृहस्थ कॉलेजात आले ते माझ्याच शब्दावरून, त्यामुळे तक्रार करायलाही मला तोंड नव्हतं. प्रवेश, फी, पुस्तकं, वसतिगृह, मुलांची दुखणीखुपणी, म्हणजे शिकवणं सोडून जे जे काही असेल ते सगळं त्यांच्याकडे होतं. घरी ते दर रविवारी कपाटं हलवीत. तांदळाचा डबा कुठे आहे हे सोमवारी माझ्या मेव्हणीला नवऱ्याला विचारावं लागे. पलंगाचं दुसरं टोक धरायला बोलावणं मला येई, आणि माझी पाठ जी तेव्हा धरली ती अजून सुटलेली नाही.

कॉलेजात फी एका खिडकीवर घेत, पुस्तकं इमारतीच्या दुसऱ्या टोकाला मिळत, वसतिगृहाचा कारभार मागच्या पडवीत चाले आणि डॉक्टर कुठे बसतात हे डॉक्टरांनाही विचारून घ्यावं लागे. तिरोड्याकडची, दवनीवाड्याकडची पोरं या दारातून त्या दारात हिंडत, आणि त्यांनी तोंड उघडलं की गोंदियातली मुलं त्यांच्या बोलीला हसत. साडूंना ते पाहवेना. "साडूभाऊ, या पोरांना हे कॉलेज आपलं वाटतच नाही हो," ते एक दिवस म्हणाले. "सगळं एका खोलीत आणायचं!" आणायचं म्हणजे मी आणायचं, हे मला अनुभवाने कळत होतं. टेबलं मीच वाहिली. जुन्या खिडक्या त्यांनी स्वतः खिळे ठोकून बंद केल्या, कारण खिडकीतून पोराचा नुसता हात दिसतो, पोरगा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्या एका खोलीत फी, पुस्तकं, वसतिगृह आणि डॉक्टर असे सगळे मांडीला मांडी लावून बसले. एकदा डॉक्टरांनी कुणाला तरी "जीभ काढ" म्हटलं, तर पलीकडे फी भरायला उभ्या असलेल्या मुलाने निमूट जीभ काढली. समोर बडे बाबू होते, म्हणजे आमचे हेडक्लार्क. पोरगा आपल्याला वेडावतो आहे असं समजून ते त्याच्या अंगावर धावून गेले. त्यांना आवरायला अर्थातच मी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण साडूंनी फर्मान काढलं की आलेल्या प्रत्येक मुलाला कामाआधी गाव विचारायचं, घरचं विचारायचं, धान कसं आहे ते विचारायचं. रांग थेट फाटकाबाहेर गेली. बडे बाबू कपाळाला हात लावून म्हणाले, "साहब, ये दफ्तर है या मामा का घर?" साडू आनंदाने ओरडले, "बाबूजी, मामाचंच घर करायचंय!" मात्र खोटं कशाला बोलू, पूर्वी ज्या कामाला पोराला हेलपाटे घालावे लागत ते आता एका बैठकीत होई. साडूंना याचा भारी अभिमान. दिसेल त्याला ते ऐकवीत, आणि दिसत असे बहुधा मीच.

त्यातच रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ते झालं. दवनीवाड्याचा एक मुलगा नुकताच वसतिगृहात आला होता. घरात कॉलेज पाहिलेला तो पहिलाच. तो कोणाशी बोलत नसे, कारण बोललं की हशा पिकायचा. बडे बाबू जेवायला गेले असताना तो साडूंपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी कॉलेज सोडून राहिलो जी." साडूंच्या पुणेरी कानाला ऐकू आलं ते असं, की याने कॉलेज केव्हाच सोडलं आणि आता दुसरीकडे राहायला गेला. त्यांनी गाव विचारलं, धान विचारलं, शेजारच्या टेबलावरून पुस्तकं जमा झाल्याची सही घेतली, पलीकडून वसतिगृहाची घेतली आणि तासाच्या आत कॉलेज सोडल्याचा दाखला पोराच्या हातात ठेवला. वर पाठीवर थाप मारून सुखी राहा म्हणाले. पोरगा ट्रंक घेऊन चालता झाला.

बडे बाबू परत आले तेव्हा साडू त्यांना या विक्रमाची हकिगत सांगू लागले. बाबूंचा चेहरा उतरला. "साहब, सोडून राहिलो म्हणजे सोडलं नाही. छोड़ रहा है, अभी छोड़ा नहीं. काऊन सोडून राहिला रे बाबा, का सोडतोस, असं कोणी पुसावं म्हणून आला असंल तो." "अहो, मी त्याला शुभेच्छा दिल्या हो," एवढंच साडू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी करून आम्ही दवनीवाड्याला गेलो. आम्ही म्हणजे मी आलोच. मुलगा बापाबरोबर गुडघाभर चिखलात रोवणा करीत होता. साडू धोतर खोचून सरळ बांधीत, म्हणजे त्या भातखाचरात, उतरले आणि एक वहाण चिखलाला देऊन बसले. मुलाने मान वर केली नाही. "काऊन सोडून राहिला रे?" साडूंनी विचारलं. इतकी वाईट झाडीबोली त्या शिवाराने कधी ऐकली नसेल, पण कोणी हसलं नाही.

"कोनी बोलत नाही जी माह्यासंगं," मुलगा हातातल्या रोपांकडे पाहत म्हणाला.

"आन् तुमी तं लगेच कागद देला जी," बाप म्हणाला. "पोराले वाटलं, सरायले बी नको हावो आपून."

साडूंनी चिखलातच हात जोडले. "इचार करून राहिलो जी," बाप म्हणाला. परतीच्या वाटेवर साडूंनी मला झोपू दिलं नाही. "विचार करून राहिलो म्हणजे केला की करतो आहे?" करतो आहे, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होतो.

रोवणा आटोपला आणि एका सकाळी तो मुलगा ट्रंक घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला. साडूंनी त्याच्यासाठी लांबलचक भाषण पाठ केलं होतं. ते रोज माझ्यावर म्हणून पाहत. त्यातलं त्यांना काहीच आठवलं नाही. ते उठून उभे राहिले आणि घाबरत घाबरत म्हणाले, "आलास, की येऊन राहिलास?"

मुलगा हसला. त्याला हसताना कॉलेजात प्रथमच कोणी पाहिलं. "आलो जी," तो म्हणाला.

साडू आता नाहीत. त्यांच्यामागे ती खोली मोडून पुन्हा वेगवेगळ्या खिडक्या झाल्या. आता डॉक्टर डॉक्टरांच्या जागी बसतात, रांग फाटकाबाहेर जात नाही आणि मला टेबलं उचलावी लागत नाहीत. खिडकीतून मुलांचे हात येतात, कागद घेतात आणि जातात. कोण आलं आणि कोण जाऊन राहिलं, मला काही कळत नाही. अशा वेळी साडूंची फार आठवण येते.