मोठा बॉयलर नको म्हणाले, आणि अडून बसले

गेल्या आठवड्यात श्रीरामपूरजवळच्या एका कांदा सुकवायच्या फॅक्टरीत मी चक्क अडून बसले. मालक अण्णा म्हणत होते, "मोठा बॉयलर पाहिजे असं लिहून सही करा." मी म्हणत होते, नाही करणार.

झालं असं, की संध्याकाळचा कांदा नीट वाळत नव्हता. हॉलमध्ये रॅक, रॅकवर चिरलेला कांदा, आणि बॉयलरच्या वाफेवर तापवलेली हवा वरून सोडायची... दिवसा सगळं झकास आणि संध्याकाळचा माल दमट. बॉयलरवाल्याने लगेच सांगितलं, तुमचा बॉयलर लहान पडतोय. त्याला काय, त्याला विकायचाच होता. ऑर्डर देण्याआधी इंजिनिअरची सही असावी म्हणून अण्णांनी मला बोलावलं.

माझं काम सिम्युलेशनचं. म्हणजे तो अख्खा हॉल कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा आणि गरम हवा कुठून येते, कुठे जाते, कुठे वाया जाते ते बघायचं. लेकीसाठी पुण्याची नोकरी सोडल्यानंतर मी स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. हे फसलं असतं तर नगर जिल्ह्यात मला दुसरं कुणी दारात उभं केलं नसतं.

आणि ते फसल्यासारखंच दिसत होतं. माझा कॉम्प्युटर म्हणत होता, आहे तोच बॉयलर पुरून उरतो. दिवसा मीटरवरचं तापमान माझ्याशी बरोबर जुळायचं, संध्याकाळी मात्र हॉल माझ्या आकड्यांपेक्षा कितीतरी गार. बॉयलरवाला हसून म्हणाला, "मॅडम, कांद्याला कॉम्प्युटर कळत नाही हो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दिवसा जुळतं आणि संध्याकाळी जुळत नाही, म्हणजे संध्याकाळी इथे असं काहीतरी होतंय जे मला कुणी सांगितलेलं नाही. ते बघितल्याशिवाय मी इथून हलत नाही.

खुर्ची टाकून हॉलमध्ये बसले. दिवेलागण झाली तशा अण्णांच्या बायको, काकू, दिवा घेऊन आल्या आणि सुपरवायझर सलीमभाईंनी समोरचं मोठं शटर पार वरपर्यंत उचललं. बाहेरचा गार वारा सरळ आत...

"हे काय?" म्हटलं. सलीमभाई म्हणाले, "रोजचंच हाय की ताई. लक्ष्मी यायच्या टायमाला दार बंद ठेवत न्हाईत. अण्णांच्या आईनं घालून दिलंय." तासभर तरी ते शटर तसंच उघडं! मला दिलेल्या ड्रॉइंगमध्ये ते बंद होतं, आणि कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं. घराचं दार उघडं ठेवतो तसं हेही, त्यात सांगायचं काय?

मी तिथल्या तिथे लॅपटॉपवर शटर उघडं करून पुन्हा रन केलं आणि अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणाले, "ते शटर बंद व्हायचं न्हाई. दुसरं काय ते बोला." मग मात्र मी थांबले नाही. म्हटलं, "अण्णा, लक्ष्मी आत येताना मला दिसत नाही, पण बाहेर जाताना दिसतेय. हा गरम हवेचा लाल पट्टा बघा, शटरमधून चाललाय तो."

वाटलं, संपलं, आता गाशा गुंडाळायचा. तेवढ्यात काकू स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तिला यायला ट्रक जाईल एवढं दार कशाला लागतंय? पलीकडं ऑफिसचं दार उघडं ठेवू, दिवा तिथंच लावते मी." आणि दिवा उचलून चालायलाही लागल्या.

काकू, तुमचे आभार कसे मानू कळत नाही...

दुसऱ्या दिवशी दिवा ऑफिसच्या दारात लागला आणि शटर खालीच राहिलं. संध्याकाळचा कांदा हातात घेतला तर कुरकुरीत. मीटरचे आकडेही माझ्या आकड्यांच्या शेजारी येऊन बसले.

अण्णांनी माझ्यासमोरच बॉयलरवाल्याला फोन लावला आणि म्हणाले, "ऑर्डर राहू द्या. आमच्या इंजिनिअर नको म्हणतात."

माझ्या लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या नावाखाली त्याची डिग्री छापली होती, माझी गाळली होती. तेव्हा गप्प बसले. आता कुणी गाळून बघावी.